घोडीला चोप द्या

मराठीत मालिश करण्याचे आणि बडवण्याचे शब्द एकच आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कणीक तिंबतात तसा माणूसही तिंबतात. दुखरं अंग रगडून देतात आणि भांडणात एकमेकाला रगडतातही. आमच्या माहेरी तर घोड्याच्या मालिशला 'चोप' म्हणत. गवताची दोरी वळून, पाण्यात बुडवून, मुठीत मावेल एवढी चुंबळ करायची. मग घोड्याच्या मानेवर, खांद्यावर, पुठ्ठ्यावर, जिथं भरपूर मांस आहे तिथं ती धप्पकन आपटायची आणि केसांच्या दिशेनं दाबत ओढून न्यायची. पुन्हा आपटायची, पुन्हा ओढायची. घोडा आधी अंग आखडतो, मग त्या आपटण्याचा ताल ओळखतो आणि सैल सोडतो. असं आखडत-सोडतच त्याचं मांस मोकळं होतं. कणा, हाडं आणि पोटाखालची जागा तेवढी टाळायची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई मुक्या जनावराला मारते आहे.

माझे वडील साताऱ्याकडच्या एका इनामदाराच्या पागेत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची सगळी चाकरी करणारे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. उरलेली अर्धी एका माजलेल्या घोड्यानं तोडून नेली होती. कुणी विचारलं की ते म्हणायचे, शिकायची फी भरली. घोड्याला त्यांनी उभ्या जन्मात कधी मारलं नाही. आम्हाला मात्र दाव्यानं फोडून काढायचे. आईनं एकदा विचारलं, की घोड्यावर ज्याचा हात उठत नाही त्याचा पोटच्या पोरांवर कसा उठतो. ते म्हणाले, घोडा मार लक्षात ठेवतो, पोरं विसरतात. आम्ही काही विसरलो नाही. माझ्या पोटरीवर खूण अजून आहे, आणि दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, माझ्या दुपटीनं बसायचा.

चोप द्यायला शिकले ती मीच. दादाला एका जागी उभं राहून जनावर चोळत बसायचा कंटाळा. त्याला घोडा पळवायला आवडायचं. माझा हात पहिल्यापासून जड. वडील चेष्टेनं म्हणायचे, की सासरी गेलीस की नवऱ्याला जपून हात लाव, बिचारा मरायचा. नवरा जगला. वाशीजवळ पावणे गावातल्या एका वर्कशॉपात तो लेथवर होता, आम्ही तुर्भ्याला दोन खोल्यांत राहायचो, आणि घरात आवाज माझाच मोठा होता, हे इथं सांगून टाकते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दादाही टांगा आणि घोडा घेऊन आमच्या मागोमाग आला. पावण्याच्या कारखान्यांच्या मागं, खाडीच्या अंगाला त्यानं पत्र्याचा तबेला उभा केला. एका बाजूला रंगाच्या कारखान्याचा नाला, त्यातून कधी तांबडं पाणी जायचं, कधी निळं. दुसऱ्या बाजूला मिठागरं. वाशीच्या बसथांब्यावरून गावागावांत माणसं न्यायला तेव्हा टांगाच बरा पडायचा. चार वर्षं त्याचं बरं चाललं. मग रिक्षा आल्या.

रिक्षावाल्यांची आणि टांगेवाल्यांची मारामारी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मी भाजीला गेले होते. दोघंचौघं रिक्षावाले दादाच्या टांग्यापुढं आडवे झाले, शिव्या झाल्या, आणि मग कुणीतरी सायकलची साखळी काढली. दादानं चाबकाच्या दांड्यानं एकाचं नाक फोडलं. रक्त त्या रिक्षावाल्याच्या खाकी शर्टावर सांडलं आणि तो ते हातानं पुसत पुसत हसत होता, ते हसणं मला अजून आठवतं. ती साखळी दादाला बसायची ती चुकली आणि घोड्याच्या डोळ्यावर बसली. घोडा दोन पायांवर उभा राहिला, टांगा उलटला, दादा चाकाखाली. पोलीस आले तोवर रिक्षावाले पसार झाले होते, दादाला लोकांनी ओढून बाजूला नेलं होतं, आणि रस्त्यावर फक्त उलटलेला टांगा, माझी भाजी आणि तो एका डोळ्यानं आंधळा घोडा होता. डोळा गेला तो गेलाच. मी त्या घोड्याला पुढं महिनाभर चोप दिला, पण आंधळ्या बाजूनं गेलं की तो असा दचकायचा की मीच दोन पावलं मागं सरायची.

त्या दिवसापासून दादाचा हात सुटला. थांब्यावर अपमान झाला की तो रात्री तबेल्यात फेडायचा. वहिनी सांगायची, की पत्र्यावर चाबकाचा आवाज आला की मी पोरांचे कान झाकते. मी त्याला एकदा तोंडावर म्हटलं, वडील आम्हाला मारायचे तेव्हा निदान घोडे तरी सुखात असायचे, तुझ्या घरी कुणीच सुखात नाही.  त्यानं तांब्या भिंतीवर फेकला.

टांग्याचे दिवस भरले हे त्यालाही कळत होतं. म्हणून त्यानं वरातीसाठी पांढरी घोडी घेतली. नवी मुंबईत इमारती उठत होत्या, नवी माणसं राहायला येत होती, आणि त्यांच्या मुलांना लग्नात घोडीवर बसायचं असे. घोडी देखणी होती, लांब मानेची, कान सुरीसारखे. पहिलं वर्ष तिनं निभावलं. पण वरातीचं काम म्हणजे घोडीला रोजचा छळ. जड खोगीर, त्यावर जडावाची झूल, त्यावर जेवून तट्ट झालेला नवरदेव, पुढं बँड, पायाशी फटाक्यांची माळ, आणि कुणीतरी दारू प्यालेला काका लगाम धरून तिला नाचवतो. पुढच्या वर्षी तिची पाठ बसली. खोगिराखालचं मांस लाकडासारखं झालं. कुणी पाठीकडं हात नेला की ती दात दाखवायची. नेरूळच्या एका लग्नात तिनं नवरदेवाच्या मामाला लाथ घातली. मामाच्या मांडीचं हाड मोडलं, आणि वरातीतल्या पोरांनी दादाला मंडपाच्या बांबूनं बडवला. त्यानं घरी येऊन घोडीला बडवलं.

मग त्यानं ठरवलं. शिळफाट्याकडच्या एका वीटभट्टीवाल्याशी त्याचं बोलणं झालं. भट्टीवर घोडी जाते म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. विटांनी भरलेली गाडी, चढाचा रस्ता, मागून काठी. एक उन्हाळा टिकली तर टिकली. दादा म्हणाला, तुळशीची लग्नं झाली की मोसम सुरू होतो. तोवर जर ती खोगीर घेईल आणि गप्प उभी राहील तर ठेवीन, नाहीतर भट्टीवाला ट्रक घेऊन येणार.

मी म्हटलं, तोवर तिला माझ्याकडं दे, आणि तोवर तू तिच्या अंगाला हात लावायचा नाही.

"तू काय करणार? चोळून दुखणं काढणार?" तो म्हणाला.

"चोळूनच काढणार."

रोज दुपारी जेवणं उरकून मी पावण्याला चालत जायची. दादा आणि त्याचा नवा गाडीवान तेव्हा थांब्यावर असत, त्यामुळं तबेल्यात मी आणि घोडी दोघीच. पहिल्या दिवशी तिनं माझा दंड धरला. घोडा चावतो म्हणजे कुत्र्यासारखं नाही. तो पकडतो, पिळतो आणि सोडत नाही. मी दुसऱ्या हातानं तिच्या नाकाडावर एक ठेवून दिली तेव्हा सुटले. दंड काळानिळा झाला. घरी नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, माहेरची भेट आहे. तो म्हणाला, उद्या जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी गेले.

पाठ दुखते म्हणून पाठीला भिडायचं नसतं, हे वडिलांनी शिकवलेलं. दुखणं जिथं आहे तिथून लांब सुरू करायचं. मी आयाळीच्या मुळाशी बोटं घातली आणि कानामागून खाली मानेवर नुसता दाब देत आले. ती थरथरायची, शेपूट फटकारायची, मागचा पाय उचलायची. लाथ आली की बाजूला व्हायचं, शिवी द्यायची आणि पुन्हा तिथंच हात ठेवायचा. कितीतरी दुपारी नुसती मान आणि खांदा. शेजारच्या आगरी म्हातारीनं मला रोज येता-जाता पाहिलं होतं. एक दिवस ती फाटक्या लुगड्यात जाडं मीठ बांधून घेऊन आली. "भाज नि गरम गरम शेक दे. वलं नको करू. आमचे बैलांना आमी असाच देतो, पाठ मोकली होते," ती म्हणाली. आणि जाता जाता घोडीकडं बघून म्हणाली, "हिला कोनतरी लय मारलाय. असली जनावरां मान वर करून बघत नाय."

मिठाचा शेक, मग कोमट करंजेल, मग कोपर. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन बोटं सोडून कोपर टेकवायचं आणि आपलं वजन हळूहळू सोडायचं. तिथं गाठी होत्या, सुपारीएवढ्या. एकेका गाठीवर ती ओरडायची. घोडी किंचाळते ते ऐकवत नाही. पण ओरडणं म्हणजे ती सांगत होती, इथं आहे, इथं आहे, आणि मला तेवढंच हवं होतं. शेपूट दोन्ही हातांनी धरून सावकाश मागं ताणायची, म्हणजे सगळा कणा मोकळा होतो. हे करताना मी लाथेच्या अगदी तोंडाशी असायची. दोनदा लागलीही. एक मांडीवर, तिचा डाग वर्षभर राहिला.

मग एक दुपार अशी आली की कोपराखाली गाठ विरघळली. तिनं मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबला, आणि तोंडात काही नसताना ती चघळू लागली. घोड्याचं दुखणं सुटतं तेव्हा तो असा चघळतो. मग तिनं अशी मोठी जांभई दिली की तिच्या जुन्या पिवळ्या दाढा दिसल्या. मला तिथंच रडू आलं. मी रडकी बाई नाही. पण माझ्या दोन्ही हातांत जे मारायचं बळ होतं ते असं कुणाच्या कामी आलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतर मी चोप सुरू केला. चुंबळीचा पहिला आवाज झाला तेव्हा ती उडालीच. तिनं चाबूक पाहिलेला. मी चुंबळ तिच्या नाकापुढं धरली, वास घेऊ दिला, तिनं त्यातलं गवत खाल्लं. मग हळू, मग जोरात. काही दिवसांत ती चोपाला स्वतःहून खांदा पुढं करू लागली.

एका दुपारी दादा लवकर आला. दारात उभा राहून बघत राहिला. मी चुंबळ त्याच्या हातात दिली. त्यानं एकदा आपटली, फार हळू. मी म्हटलं, घाबरतोस कशाला, ती काही नेरूळचा मामा नाही, मोडायची नाही. तो हसला, आणि वडिलांच्या पद्धतीनं, अंग पुढं झोकून, चोप देऊ लागला. त्याला आठवत होतं सगळं. शिकला नव्हता असं नाही, फक्त कंटाळला होता. घोडीनं थोड्या वेळानं जांभई दिली. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "अगं, ही मला जांभई देते." एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर टांगा घेतला त्या दिवशीही पाहिला नव्हता. तो दोनतीन दिवस ओळीनं दुपारी लवकर आला. थांब्यावरची भांडणं तशीच होती, पण तबेल्यात चाबकाचा आवाज आला नाही. वहिनीनं मला एकटीला गाठून सांगितलं, की तुझं देवानं भलं करावं.

दिवाळी झाली. घोडी पाठीवर घडी केलेलं पोतं घेऊ लागली, मग झूल. राहिलं होतं ते खोगीर आणि पट्टा. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि नेमकं माझ्या नणंदेच्या सासऱ्यांचं बारावं ऐरोलीला निघालं. मला जावं लागलं. दादाला त्याच दिवशी नेरूळला एका लग्नाची सुपारी घ्यायला जायचं होतं. जाताना त्यानं गाडीवानाला बजावलं, की संध्याकाळी घोडीला चोप द्या. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द.

हा गाडीवान मराठवाड्यातून आलेला, बैलगाडीवाला, वयानं दादापेक्षा मोठा. दुष्काळात बैल विकून इकडं आला होता. स्वभावानं गरीब, कामाला चोख, सांगितलेलं करणारा. त्यानं घोडीला माझं मालिश कधी पाहिलं नव्हतं, कारण दुपारी तो थांब्यावर. कोपऱ्यात पडलेली चुंबळ पाहून त्याला वाटलं असेल की ही हंड्याखाली ठेवायची. दादाला घोड्यांवर चाबूक ओढताना मात्र त्यानं कितीदा तरी पाहिलं होतं.

ऐरोलीहून मी दिवेलागणीला परतले आणि घरी न जाता आधी तबेल्याकडं वळले. का ते मला सांगता येणार नाही. नाल्याजवळ आले तोच ऐकू आलं. त्या आवाजाला घोडीचा आवाज म्हणायला मन तयार होईना. दार ढकललं. त्यानं तिला चारी पायांनी आखडून बांधलं होतं, आणि चाबूक मोडला म्हणून टांग्याच्या जोताचा पट्टा घेतला होता, कडी असलेला. खांदे, मान, पुठ्ठे, मांड्या, दोन्ही बाजूंनी, सारखं. पांढऱ्या अंगावर लाल रेघा, आणि त्यांतून घाम आणि रक्त एकत्र वाहत होतं. तिनं ओरडायचंही सोडलं होतं. तो मात्र धापा टाकत होता आणि त्याचेही डोळे पाण्यानं भरले होते.

मी पट्टा हिसकला आणि त्याच्यावर उठले. किती मारलं आठवत नाही. त्यानं हात वर केले, पण मला अडवलं नाही, पळाला नाही. कडी त्याच्या भुवईवर बसली आणि त्याचा डोळा रक्तानं भरला. तो भिंतीशी बसला. तेवढ्यात दादा आला. त्यानं घोडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या पट्ट्याकडं पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं असावं की हे मीच केलं. मग त्यानं गाडीवानाची गचांडी धरून त्याला उभा केला.

"कुणी सांगितलं रे तुला?"

"तुमीच की, मालक," गाडीवान म्हणाला. "तुमीच म्हनलात, घोडीला चोप द्या. दोनी बाजूनं, घाम फुटंस्तवर. पाठीला लागू नका म्हनलात, पाठ सोडली बघा. मला न्हाय सोसलं, पर तुमी म्हनलात."

खरंच त्यानं पाठ सोडली होती. खोगिराची सगळी जागा पांढरी, कोरडी, स्वच्छ होती, आणि तिच्या खाली दोन्हीकडं ते सगळं.

गचांडीवरची दादाची पकड सैल झाली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एका जनावराचं भलं व्हावं म्हणून कुणाला काही सांगितलं होतं, आमच्या घरच्या शब्दांत, वडिलांच्या शब्दांत, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या तोंडून दुसरा अर्थ येऊ शकतो असं वाटलंच नव्हतं. तो म्हणाला, "अरे, मालिश म्हणतात त्याला आमच्यात." गाडीवान रक्त पुसत नुसता बघत राहिला. त्याला अजूनही कळलेलं नव्हतं, आणि मला त्याला आणखी आणि त्याच्याबरोबर दादालाही मारावंसं वाटत होतं. मी दोघांना बाहेर काढलं आणि घोडीच्या दोऱ्या सोडल्या.

सोडल्यावर ती माझ्यावर धावेल, भिंत फोडेल असं मला वाटलं होतं. ती हलली नाही. जखमा धुतल्या, हळद-तेल भरलं, ती हलली नाही. पुढचे काही दिवस मी तिथंच बसून असायची. ती खायची, प्यायची, उभी राहायची. कुणीही जवळ आलं तरी चिडलेल्या घोड्यासारखे कान मागं नेत नव्हती.

तुळशीची लग्नं झाली आणि ठरल्याप्रमाणं भट्टीवाला आला. ट्रक बाहेर उभा, हातात दोरखंड. दादा म्हणाला, थांबा जरा. त्यानं खोगीर आणलं आणि घोडीच्या पाठीवर टाकलं. ती उभी राहिली. त्यानं पट्टा ओढला, आवळला, पुन्हा आवळला. ती उभी राहिली. तो स्वतः चढून बसला. तो उतरला आणि त्यानं मुद्दाम तिच्या पाठीवर थाप मारली. काही नाही. भट्टीवाला म्हणाला, ही तर गाय आहे, विकता कशाला. दादानं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

घोडी राहिली. जे मला हवं होतं ते झालं. थांब्यावर बाकीचे टांगेवाले गाडीवानाला मानायला लागले, की आठवडाभरात यानं चावरी घोडी सरळ केली. दादानं त्याला काढलं नाही, कुठल्या तोंडानं काढणार. माझ्याशी मात्र दादा नजर मिळवत नव्हता. एकदा तो चिडून म्हणाला, "राहिली ना ती? भट्टीवर गेली नाही ना? मग तुझं काय म्हणणं आहे?" मला राग आला आणि मी तशीच घरी निघून आले.

जखमांवर खपल्या धरल्यावर मी पुन्हा दुपारी जाऊ लागले. कानामागून सुरुवात केली. मानेवर आले, खांद्यावर आले. चामड्याखाली सगळं ताणलेलं, दगडासारखं, नव्या गाठी जागोजाग, आधी होत्या त्याहून जास्त. दुखत असणारच. मी कोपर टेकवलं आणि वजन सोडलं. पूर्वी अशा जागी ती किंचाळायची, दात काढायची, लाथ उचलायची. आता काही नाही. पाय रोवून, डोळे उघडे ठेवून ती नुसती उभी, आणि माझ्या हाताखाली तिचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. ओठ घट्ट मिटलेले. कुठं दुखतंय ते मला सांगणारं तिच्यात कुणी उरलं नव्हतं, आणि न सांगता मालिश कसं करायचं ते वडिलांनी मला कधी शिकवलं नव्हतं.

मी हात थांबवला. तिच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि बाही वर सारून माझा दंड तिच्या तोंडाला लावला. "चाव," म्हटलं. "चाव गं, धर." दाताला दंड घासला, ओठ बोटानं वर केले. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि पुढची चपराक येईल म्हणून डोळे मिटून घेतले.

बाहेरून दादानं हाक मारली, की आटप, वाशीची वरात सहाला आहे, झूल घालायची आहे. मी बाही खाली केली आणि पट्टा आवळायला त्याला हात दिला.